काल टाकाऊ, आज हुकमी

1995च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एका खेळाच्या पत्त्यांचा नवा संच बाजारात आला. त्यात 'नेक्रोपोटेन्स' नावाचा एक पत्ता होता आणि त्यावरचा नियम वाचून अनेकांनी नाक मुरडलं. या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला 20 प्राण मिळतात. ते शून्यावर आले की हरलात. आणि हा पत्ता काय सांगत होता? दर पाळीला फुकट मिळणारा पत्ता सोडून द्या. त्याऐवजी एकेक प्राण मोजा आणि हवे तितके पत्ते घ्या. स्वतःचाच जीव विकायचा? कोण शहाणा असं करेल?

वर्षभरात उत्तर आलं: सगळेच. 1996चा उन्हाळा या खेळाच्या इतिहासात 'काळा उन्हाळा' म्हणून ओळखला जातो, कारण काळ्या रंगाचा हा पत्ता जिकडेतिकडे होता. तोपर्यंत कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की 20 प्राण असलेला खेळाडू आणि एकच प्राण उरलेला खेळाडू, दोघंही सारखेच जिवंत असतात. खरा मोलाचा तो शेवटचा एक प्राण. बाकीचे 19 खर्च करायलाच आहेत!

आता गंमत बघा. पत्ता तोच होता. त्यावरची शाई तीच, अक्षरं तीच. मग तो टाकाऊचा हुकमी झाला कसा? बदललं काय?

या प्रश्नाच्या मागे लागलं की एक विलक्षण जग उघडतं. ब्रिज किंवा रमी खेळताना 52 पत्त्यांचा जोड सगळ्यांचा मिळून एकच असतो. तेवढ्यातही वैविध्य काही कमी नाही. ब्रिजमध्ये एका हातात येणारे 13 पत्ते 63 हजार 501 कोटींहून अधिक प्रकारांनी येऊ शकतात. पण 'मॅजिक: द गॅदरिंग' (नेक्रोपोटेन्स यातलाच), पोकेमॉन, यु-गि-ओ अशा संग्रही पत्त्यांच्या खेळांत जोड समाईक नसतोच. प्रत्येकाने आपला जोड, म्हणजे डेक, घरून बांधून आणायचा. पत्ते बंद पाकिटांतून मिळतात, आत काय निघेल ते फोडल्यावर कळतं, नको ते मित्राला देऊन हवं ते घ्यायचं. मॅजिकचे आजवर 25 हजारांहून अधिक वेगवेगळे पत्ते निघाले आहेत आणि त्यातून तुम्हाला 60 पत्त्यांचा डेक जमवायचा आहे. याचे प्रकार किती होतील? तो आकडा लिहायला घेतला तर ब्रिजचा आकडा त्यापुढे चिल्लर वाटेल. म्हणजे अर्धा डाव टेबलावर बसायच्या आधी, आदल्या रात्री, घरीच खेळला जातो.

या अफाट पसाऱ्याला कुंपण घालणारी चौकट म्हणजे फॉरमॅट. कुठल्या काळातले पत्ते चालतील, एकाच पत्त्याच्या किती प्रती ठेवता येतील, कोणावर बंदी आहे, एवढंच फॉरमॅट ठरवतो. वाचायला सरकारी परिपत्रकासारखा रुक्ष. पण त्याच्या आत जे घडतं, ते एखाद्या जिवंत प्राण्याच्या वाढीसारखं घडतं.

कसं, ते शिरूर तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्याला विचारा, तो एका मिनिटात सांगेल. गेल्या साली कांद्याला भाव सापडला. मग यंदा जो तो कांदाच लावतो. बराखी भरतात, बाजारात आवक वाढते आणि भाव कोसळतो. ज्याने सगळ्यांचं पाहून कांदा लावला तो रडतो. ज्याने शेजाऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखून दुसरं काही लावलं, तो तरतो. पुढच्या साली घाबरून सगळे कांदा सोडतात आणि नेमका तेव्हा कांदा लावणारा कमावतो. कांदा तोच, रान तेच, पाणीही तेच. त्याची किंमत ठरली ती इतरांनी काय लावलं त्यावरून.

पत्त्यांच्या स्पर्धेत अगदी हेच होतं, फक्त हंगाम आठवड्याचा असतो. गेल्या रविवारी अमुक डेक जिंकला. पुढच्या रविवारी तो डेक घेऊन निम्मे लोक येतात. म्हणून हुशार खेळाडू त्या डेकला पाडणारा डेक बांधून येतो. त्याच्या पुढच्या रविवारी पाडणाऱ्याला पाडणारा येतो. एकही नवा पत्ता छापलेला नाही, एकही नियम बदललेला नाही, आणि खेळ मात्र पार बदलून गेलेला असतो! कोण काय खेळेल याच्या अंदाजांचा हा जो अदृश्य थर खेळावर पसरलेला असतो, त्याला खेळाडू 'मेटा' म्हणतात. आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. पत्त्याची ताकद पत्त्यावर छापलेली नसते. ती समोर बसलेल्यांच्या डेकांमध्ये असते.

ढोबळमानाने डेक तीन स्वभावांचे. एक धडाक्याने तुटून पडणारा, दुसऱ्याला सावरायला वेळच न देणारा. दुसरा संयमी, समोरच्याची प्रत्येक चाल रोखत, लांबवत, शेवटी गळा आवळणारा. तिसरा जुळणीवाला, दोन-तीन विशिष्ट पत्ते हातात आले की एका झटक्यात डाव संपवणारा. तुटून पडणारा संयमी डेकला भारी पडतो, संयमी डेक जुळणीवाल्याला, आणि जुळणीवाला तुटून पडणाऱ्याला. कोणीच कायमचा राजा नाही. एकाची संख्या वाढली की त्याचा शत्रू सुखावतो, मग शत्रूचा शत्रू.

आणि हे चक्र निसर्गाने माणसाच्या कितीतरी आधी शोधलं होतं. कॅलिफोर्नियात एक छोटा सरडा आहे. त्याच्या नरांचे गळे तीन रंगांचे असतात: नारिंगी, निळे आणि पिवळे. नारिंगी नर दांडगाईने मोठा इलाखा बळकावतात आणि निळ्यांना हटवतात. निळे आपल्या मादीवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतात, म्हणून पिवळ्यांची डाळ त्यांच्यापुढे शिजत नाही. पिवळे मादीसारखे दिसतात आणि पसाऱ्यात गुंतलेल्या नारिंगी नरांच्या इलाख्यात गुपचूप शिरतात. बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली या संशोधकांनी 1996 मध्ये हे 'नेचर' नियतकालिकात मांडलं. काही वर्षं एका रंगाची चलती, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. आणि 1996 म्हणजे तेच वर्ष ज्यात नेक्रोपोटेन्सने धुमाकूळ घातला होता! योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

त्याच 1996 मध्ये अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू एक अजब डेक घेऊन बसला. डेकची मूळ कल्पना जे श्नायडर यांची. त्यातले पत्ते बघून कोणालाही कीव यावी. किरकोळ गोब्लिन, दुबळे ऑर्क, इतरांनी खोक्यात टाकून दिलेला माल. पण श्नायडर यांनी पत्त्याची ताकद बघितलीच नव्हती. त्यांनी बघितली होती किंमत. या खेळात पहिल्या पाळीला तुमच्याकडे एक नाणं असतं असं समजा, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला तीन. बहुतेक लोक मोठे, महागडे पत्ते भरत आणि सुरुवातीच्या पाळ्या हातावर हात ठेवून बसत. स्लायच्या डेकमध्ये पहिल्या पाळीला एक नाण्याचा पत्ता, दुसऱ्या पाळीला दोन नाण्यांचा, असा चढता हिशेब बसवला होता. एकही नाणं वाया जाणार नाही! भारी पत्त्यांचे मालक तयारी करत असतानाच हलक्या पत्त्यांनी त्यांचा निकाल लावला. ही कल्पना आज या खेळातल्या प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणजे फॉरमॅट बदलायला नवा पत्ता लागतोच असं नाही. नवा विचारही पुरतो.

आठवड्यागणिक फिरणारा मेटा हे या खेळाचं पहिलं घड्याळ. पण नवे पत्तेही येत राहतात, आणि तिथे दुसरं घड्याळ सुरू होतं.

1993 मध्ये मॅजिक काढणारा रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा माणूस. लोक थोडीफार पाकिटं घेतील, मित्रांमध्ये खेळतील, अतिबलाढ्य पत्ते गल्लीत एखाद्याकडेच असतील आणि त्यामुळे समतोल राहील, असा अंदाज होता. लोकांनी पाकिटांवर झडप घातली आणि अंदाज उडाला. सुरुवातीला डेक किमान 40 पत्त्यांचा असावा एवढीच अट होती. एकाच पत्त्याच्या कितीही प्रती चालत. 'ब्लॅक लोटस' या पत्त्यातून एका क्षणात फुकट तीन नाणी मिळत. असे पत्ते ढिगाने भरलेल्या डेकसमोर प्रतिस्पर्ध्याला आपली पहिली पाळीही मिळेना. 1994 मध्ये स्पर्धांसाठी नियम घट्ट झाले: डेक 60 पत्त्यांचा, एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती, आणि मोजक्या दांडग्या पत्त्यांची एकच.

आणि मग 1995च्या जानेवारीत एक अशी युक्ती निघाली की तिच्या साधेपणाला सलाम करावा. स्पर्धेचा एक नवा प्रकार सुरू झाला, ज्यात फक्त अलीकडच्या काळात छापलेले पत्ते चालतील. नवे आत येतात, जुने बाहेर जातात. याला रोटेशन म्हणतात. यात विक्रीचं गणित आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण खेळाचंही भलं झालं. दरवेळी जुने राजे आपोआप पायउतार होतात. काल जो पत्ता त्यांच्या सावलीत वाढला नव्हता, त्याला ऊन मिळतं. कालपर्यंत खोक्यात पडलेला पत्ता एका सकाळी हुकमी होतो, कारण त्याला मारणारा पत्ता निवृत्त झालेला असतो. पोकेमॉनच्या अलीकडच्या पत्त्यावर तर खाली डाव्या कोपऱ्यात एक इवलंसं अक्षर छापलेलं असतं. तुमच्या घरी मुलांकडे हे पत्ते असतील तर बघा, बारीक चौकटीत एकच इंग्रजी अक्षर दिसेल. ते अक्षर म्हणजे त्या पत्त्याच्या सेवानिवृत्तीची पिढी! अमुक अक्षरापर्यंतचे पत्ते आता स्पर्धेत चालणार नाहीत, असं जाहीर झालं की विषय संपला.

रोटेशन नसेल तर काय होतं? यु-गि-ओच्या मुख्य प्रकारात ते नाही. 1999 पासूनचे पत्ते आजही टेबलावर येऊ शकतात. आवर घालायला फक्त बंदीची यादी, जी वर्षातून अनेकदा बदलते. नवा पत्ता विकायचा तर तो जुन्यांपेक्षा सरस हवा, त्याच्या पुढचा त्याहून सरस. ताकद फुगत जाते. जुन्या पत्त्यावर दोन ओळी असत. आजच्या पत्त्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत परिच्छेद असतो.

एवढे हुशार लोक पत्ते बनवतात, महिनोन्महिने खेळून तपासतात, तरी चूक होतेच. आणि काय नमुनेदार चूक! 2004च्या फेब्रुवारीत 'स्कलक्लॅम्प' नावाचा स्वस्तातला पत्ता आला. आपल्या बाजूने लढणाऱ्या पत्त्यावरच्या प्राण्याला हे अवजार चढवायचं. प्राणी मेला की तुम्हाला दोन नवे पत्ते. शेवटच्या टप्प्यात त्यात एक किरकोळ बदल झाला: अवजार चढवलं की प्राण्याचा मारा एकाने वाढेल, पण सोसण्याची ताकद एकाने घटेल. कागदावर हा तोटा दिसतो. टेबलावर काय झालं? एकच घाव सोसू शकणाऱ्या क्षुल्लक प्राण्याला अवजार लावलं की तो जागीच मरतो आणि दोन पत्ते हातात पडतात. लावा, मारा, दोन घ्या. पुन्हा लावा. एक उणे चिन्ह, आणि त्याने अख्खा फॉरमॅट गिळला! त्याच वर्षी जूनमध्ये त्यावर बंदी आली. त्याच काळातल्या यंत्रवजा पत्त्यांचा डेक तरीही आटोक्यात येईना, म्हणून 2005च्या मार्चमध्ये एकाच फटक्यात आठ पत्ते बाद करावे लागले.

बंदीची सगळ्यात चमत्कारिक कथा मात्र 2020ची. मॅजिकच्या सर्वांत जुन्या, 'व्हिंटेज' प्रकारात अतिबलाढ्य पत्त्यालाही बंदी घालायची नाही, फार तर एकच प्रत ठेवू द्यायची, अशी रीत. ब्लॅक लोटससुद्धा तिथे एका प्रतीत चालतो. 'लरस' नावाचा एक नवा पत्ता आला. हा डेकच्या बाहेर सोबती म्हणून ठेवायचा आणि हवा तेव्हा घ्यायचा. तो पिसलेल्या पत्त्यांत नसल्यामुळे मिळेल की नाही ही धाकधूक नाही, म्हणून त्याची एकच प्रत पुरते. मग एका प्रतीची मर्यादा घालून उपयोग काय? शिक्षा म्हणून जे द्यायचं तेच त्याला हवं होतं! केवळ ताकदीपायी व्हिंटेजमध्ये त्यावर सरळ बंदी आली, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. पाठोपाठ सोबत्यांचा नियमच बदलला: त्यांना हातात घ्यायला तीन नाणी मोजायची. नियम बदलल्यावर 2021 मध्ये लरसला परत प्रवेश मिळाला.

या खेळाला तिसरंही एक घड्याळ आहे, ते म्हणजे माहितीचं. इंटरनेटवर दिवसाला हजारो डाव होऊ लागले तसं कोणता डेक किती जिंकतो हे लगेच कळू लागलं. पूर्वी ज्या शोधाला वर्ष लागायचं, त्याला आठवडे लागू लागले. 2017 मध्ये मॅजिकच्या कंपनीने ऑनलाइन स्पर्धांतल्या डेकच्या याद्या मुद्दाम कमी प्रसिद्ध करायचं ठरवलं. खेळाडूंना शोधाचा आनंद जास्त दिवस मिळावा म्हणून माहिती झाकून ठेवायची, हे केवढं अद्भुत! इतकं करूनही हा खेळ पूर्ण उलगडेल अशी भीती बाळगायचं कारण नाही. 2019 मध्ये तिघा संशोधकांनी दाखवून दिलं की मॅजिकच्या पत्त्यांतून चक्क संगणक उभा करता येतो, आणि काही डाव असे रचता येतात की कोण जिंकणार हे आधी सांगणारी कोणतीही पद्धत असूच शकत नाही.

हे सगळं परदेशी वाटतंय? मग चला आपल्याकडे. अकबराच्या दरबारातला अबुल फझल 'आईन-इ-अकबरी'त गंजिफाचं वर्णन करतो. जुना जोड 12 रंगांचा, प्रत्येक रंगात 12 पत्ते, एकूण 144. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती असे एकेका रंगाचे धनी. आणि अबुल फझल सांगतो की बादशहाने त्यात फेरफार केले. सोळाव्या शतकातला फॉरमॅट बदल! पुढे आठ रंगांचा, 96 पत्त्यांचा मोगल गंजिफा रूढ झाला. आपल्याकडे त्याच्या जागी दशावतार आले: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे 120 गोल पत्ते. तिघे बसले तर प्रत्येकी 40. एवढे पत्ते डोक्यात ठेवायचे, आणि त्यात मेख अशी की निम्म्या रंगांत प्रधानाखाली दहा सर्वांत मोठा, तर निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान!

याहून सुंदर नियम पुढे आहे. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने डाव सुरू करायचा. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याने. सूर्य मावळला की पत्त्याचा मान बदलतो! आजच्या कंपन्या वर्षाकाठी रोटेशन करतात. आपल्या पूर्वजांनी ते रोज संध्याकाळी करून ठेवलं होतं.

मग छापील, स्वस्त 52 पत्ते आले आणि गंजिफा मागे पडला. सावंतवाडीत चिताऱ्यांची ही कला जवळजवळ संपली होती. 1970च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आसरा देऊन वाचवलं. आजही तिथे दशावताराचे संच हाताने रंगवले जातात. पण ते घेणारे बहुतेक जण शोभेसाठी घेतात. पत्ते वाचले, खेळणारे पांगले. आणि आपण पाहिलंच की खेळाची खरी ताकद समोर बसणाऱ्यांमध्ये असते. मेटा जपून ठेवायला संग्रहालयात कपाट नसतं.

म्हणून मला दौंडहून पुण्याला रोज ये-जा करणाऱ्यांच्या डब्यातला मेंढीकोट फार महत्त्वाचा वाटतो. चार भिडू, दोन जोड्या, चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या पकडायच्या. पत्ते वाटण्याआधी कोणीतरी विचारतं, "कट की बंद?" दोन शब्दांत फॉरमॅट ठरतो. कट हुकूम असेल तर उतारीचा रंग ज्याच्याकडे नाही तो जे पान टाकेल तोच हुकूम. म्हणजे एखादा रंग लवकर संपवण्यात फायदा. बंद हुकूम असेल तर एक पान उपडं ठेवलेलं. ते ठेवणाऱ्याला रंग माहीत, बाकीचे तिघे त्याच्या प्रत्येक उतारीवरून ताडत बसतात. तेच 52 पत्ते, तेच भिडू, पण दोन वेगळी डोकी लागतात. कुठे सगळे हात केले की बावन्नी, कुठे आणखी काही. गावागणिक, डब्यागणिक नियम थोडे सरकलेले. यांची यादी कोणत्याही कंपनीकडे नाही, की बदल कधी झाला याची तारीख नाही.

म्हणूनच एक विनंती आहे. शिरूर-दौंडकडे तुमच्या घरी, पारावर, रोजच्या डब्यात जे पत्ते खेळले जातात, त्यांचे नियम जाणत्या माणसाला विचारून एकदा वहीत उतरवून ठेवा. किती जण खेळतात, हुकूम कसा ठरतो, कोणतं पान कोणाला मारतं, डाव कधी संपतो आणि त्या माणसाच्या लहानपणी यातलं काय वेगळं होतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. खेळ कसा बदलत आला, हे फक्त त्याच उत्तरातून कळणार आहे.